महायुद्ध आणि मराठी मुलुखाचे अर्ज : प्रस्तावना

१९१४ साली दौंडपासून बारामतीपर्यंत अरुंद रुळांची आगगाडी धावू लागली, आणि नीरेच्या डाव्या कालव्याने ज्या मुलुखाचे नशीब तीस-एक वर्षांपूर्वीच पालटावयास आरंभ केला होता, त्या मुलुखाचा मालच नव्हे तर माणूसही मुंबई बंदराच्या आवाक्यात आला. त्याच वर्षीच्या जून महिन्याच्या १६ तारखेस मध्यरात्रीच्या सुमारास सरकारने लोकमान्य टिळकांना मंडालेहून आणून पुण्यास त्यांच्या वाड्याच्या दाराशी गुपचूप सोडून दिले. त्यानंतर बाराच दिवसांनी बोस्नियातील सारायेव्हो शहरी ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. आणि ऑगस्टचा पहिला आठवडा सरतो न सरतो तोच युरोपातील बहुतेक प्रबळ सत्ता एकमेकींवर तुटून पडल्या. या तीन घटनांत परस्पर कार्यकारणभाव काडीमात्र नव्हता. परंतु पुढील पाच-सहा वर्षांत त्यांचे परिणाम एकमेकांत असे मिसळून गेले, की एकीची हकीगत सांगताना दुसरीस वगळणे शक्य राहिले नाही.

युरोपातील कारणपरंपरा, तिकडील गुप्त तहनामे, आरमारांची चढाओढ आणि बाल्कन प्रदेशातील राष्ट्रकांचे बंड या गोष्टी पुढील प्रकरणांत सविस्तर आल्या आहेत. त्यांत येथे शिरत नाही. येथे सांगावयाचे आहे ते आपल्या बाजूचे. आमच्याकडील पाठ्यपुस्तकांनी या कालखंडाची दोन निराळी प्रकरणे करून ठेवली आहेत: एकात कैसर, व्हर्दून आणि व्हर्सायचा तह, दुसऱ्यात होमरूल, लखनौचा करार आणि असहकार. पहिले परक्यांचे, दुसरे आपले. परीक्षार्थ्यांच्या सोयीसाठी ही वाटणी क्षम्य मानता येईल, पण इतिहास म्हणून ती टिकत नाही. मराठी मुलुखाने महायुद्धाकडे एखाद्या दरबाराकडे पाहावे तसे पाहिले. येथील प्रत्येक वर्गाने आपली माणसे नजराणा म्हणून पुढे केली आणि नजराण्यासोबत आपापला अर्जही ठेवला. अर्जदार भिन्न होते, पुष्कळदा एकमेकांचे कट्टर विरोधकही होते. तरी सर्वांच्या अर्जाचा मसुदा मात्र एकच होता: रक्त दिले आहे, आता हक्क द्या.

भीमा-नीरेच्या खोऱ्यातील तट्टे मराठेशाहीच्या फौजेत कशी नावाजली होती हे या प्रांतीच्या वाचकास सांगावयास नको. पुण्याचे नाव लावून मिरवणारा पूना हॉर्स हा रिसाला १८१७ सालच्या तहान्वये पेशव्यांच्याच खर्चाने उभा राहिला आणि वर्ष संपण्याच्या आत पेशव्यांवरच चालून गेला, ही त्याची जन्मकथा. १९१४ च्या हिवाळ्यात तोच रिसाला फ्रान्सच्या चिखलात उतरला तेव्हा नाव पुण्याचे असले तरी स्वारांत भरणा राजपूत आणि कायमखानी अशा उत्तरेकडील लोकांचा होता. लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्या मताच्या सेनाधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढाऊ जातींचा जो सिद्धांत रूढ केला, त्याच्या तराजूत दक्षिणेतील माणसाचे पारडे हलके ठरले. मराठ्यांच्या पलटणी मोजक्या राहिल्या आणि महारांची भरती तर शतक संपण्यापूर्वीच बंद पडली. ही मानहानी ध्यानात घेतली म्हणजे भरतीच्या हाकेला खेडोपाडी मिळालेला प्रतिसाद निव्वळ पोटासाठी होता असे म्हणणे अपुरे वाटू लागते. पोट होतेच. ज्या भीमथडी तालुक्यातील सुप्यास १८७५ च्या मे महिन्यात रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली, त्या तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास दरमहा रोख पगार म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नव्हते. पण पोटाबरोबर पतही होती, आणि युद्धकाळातील मराठी राजकारण समजावयाचे तर पतीचा हा हिशेब पोटाच्या हिशेबाइतकाच लक्षपूर्वक मांडला पाहिजे.

मराठी शिपाई ज्या रणात सर्वांत अधिक खर्ची पडला ते रण फ्रान्सचे नव्हे, इराकचे. त्या वेळी त्यास मेसोपोटेमिया म्हणत. नोव्हेंबर १९१४ मध्ये शत्-अल्-अरबच्या मुखाशी जी फौज उतरली ती सहावी म्हणजे पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. बसरा सहज पडले. जून १९१५ मध्ये अमारा पडले, सप्टेंबरअखेर कुत हाती आले, आणि सहज मिळालेल्या यशाने सेनापती व सरकार या दोघांनाही बगदादची स्वप्ने पडू लागली. होड्या पुरेशा नाहीत, दवाखान्याची सामग्री तुटपुंजी आहे, टायग्रिसच्या पाण्यावाचून रसद पोहोचविण्याचा दुसरा मार्ग नाही, हे सर्व ठाऊक असतानाही जनरल टाउनशेंडची फौज वर रेटण्यात आली. आणि नोव्हेंबर १९१५ च्या अखेरीस टेसिफोन येथे, पुराणप्रसिद्ध इराणी बादशहांच्या भग्न कमानीच्या सावलीत, तिचा कणा मोडला. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणले गेले आणि तेथून बोटींच्या उघड्या तक्त्यांवर, शुश्रूषेवाचून, दिवसचे दिवस खाली नेले गेले. उरलेली फौज माघार घेत कुत येथे आली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी तिला वेढा घातला.

तो वेढा १४७ दिवस चालला. नदीच्या वळणात वसलेले ते चिखलमातीचे गाव. तिन्ही बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूस खंदक. धान्य संपत आले तेव्हा खेचरे आणि घोडे कापण्यास प्रारंभ झाला. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी, त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, ते दीर्घकाळ नाकारले, आणि हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुज्ञा तारेने मागवून त्यांची समजूत घालण्याचा उद्योग सेनापतीस करावा लागला. स्कर्व्ही आणि अतिसार यांनी माणसे खंदकातच मरू लागली. ज्यांनी हे मांस नाकारले त्यांच्या हट्टास पुष्कळ इंग्रज लेखकांनी अडाणीपणा म्हटले आहे. गावी परतल्यावर पंगतीत पान मिळेल की नाही, मुलीचे लग्न जमेल की नाही, या विवंचनेचे वजन ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ते म्हणावे. आपण म्हणण्याचे कारण नाही. वेढ्यातून सोडविण्यास निघालेल्या फौजेने तेवीस हजारांच्या आसपास माणसे मृत व जायबंदी करून घेतली, आणि तरीही २९ एप्रिल १९१६ रोजी कुत तुर्कांच्या स्वाधीन करावे लागले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. टाउनशेंड साहेबांस इस्तंबूलनजीकच्या बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले. शिपाई बगदादकडून मोसूलकडे आणि पुढे रेल्वेच्या कामावर वाळवंटातून पायी हाकलले गेले, आणि त्यांतील किती परतले याचा हिशेब पलटणींच्या दप्तरांतही पुरता लागला नाही.

कुत पडले त्याच्या आदल्या दिवशी, २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगावास टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. हा योगायोग मला फार बोलका वाटतो, आणि तो केवळ तारखांचा नाही. कुतच्या आणि त्याआधीच्या टेसिफोनच्या नामुष्कीची चौकशी करण्यासाठी पार्लमेंटने जे मेसोपोटेमिया कमिशन नेमले त्याचा अहवाल १९१७ च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झाला. हिंदुस्थान सरकारच्या गाफीलपणावर त्याने इतके कडक ताशेरे झाडले की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्या अहवालावरील चर्चेत, हिंदुस्थानचे सरकार या काळाच्या कामास नालायक झाले आहे अशा आशयाचे भाषण ज्या एडविन माँटेग्यूने केले, तोच त्यांच्या जागी आला. आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानला क्रमाक्रमाने जबाबदारीची राज्यपद्धती देण्याचे धोरण त्याने जाहीर केले. त्या जाहीरनाम्याचे श्रेय होमरूलच्या चळवळीस, लखनौच्या ऐक्यास, नेमस्तांच्या चिकाटीस द्यावयाचे ते अवश्य द्यावे. परंतु ज्यांनी अर्ज कधी लिहिला नाही, लिहिता आलाही नसता, त्या कुतच्या उपाशी शिपायांचा त्यातील वाटा आमच्या स्वराज्याच्या इतिहासकारांनी आजवर फारसा मोजलेला नाही, ही माझी तक्रार आहे. पुढे १९२२ च्या पुनर्रचनेनंतर मराठा पलटणींचे केंद्र याच बेळगावी स्थिरावले.

टिळकांचा अर्ज सर्वांत स्पष्ट होता. सुटकेनंतर दोन-अडीच महिन्यांतच त्यांनी सरकारशी निष्ठेचे पत्रक काढले, आणि काहींनी त्यास माघार म्हणून हिणविले. ती माघार नव्हती हे १९१६ सालीच दिसले: बेळगाव व अहमदनगर येथील व्याख्यानांबद्दल त्यांच्याकडून वीस हजार रुपयांचा जातमुचलका मागण्यात आला, आणि बॅरिस्टर जिना यांनी चालविलेल्या अपिलात हायकोर्टाने तो हुकूम त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रद्द केला. लढाईस माणसे द्यावयास टिळक तयार होते. पण हिंदी तरुणास सैन्यात अधिकाराची सनद मिळाली पाहिजे आणि देशास स्वराज्याचे वचन मिळाले पाहिजे, ही अट ते सोडीत नव्हते. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी मुंबईस भरविलेल्या युद्धपरिषदेत त्यांनी ही अट उच्चारताच त्यांना मध्येच अडविण्यात आले, आणि ते व नरसोपंत केळकर सभा सोडून बाहेर पडले. लवकरच मुंबईकरांनी निषेधाची सभा भरविली, तिचे अध्यक्ष होते गांधी, जे त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात स्वतः रंगरूट मिळवीत पायपीट करणार होते. टिळकांनी गांधींकडे पन्नास हजारांचा चेक धाडला: हिंदी लोकांना सनदी मिळवून द्या, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिली तर ही रक्कम जप्त. असा सौदा मांडणारा मनुष्य भाबडा राजनिष्ठही नसतो आणि भाबडा क्रांतिकारकही नसतो.

दुसरा अर्ज कोल्हापूरचा. शाहू छत्रपतींनी भरतीस मनापासून साह्य केले, आणि त्यामागे ब्राह्मणेतर समाजास प्रतिनिधित्व, शिक्षण आणि क्षत्रियत्वाची मान्यता मिळावी ही आकांक्षा उघड होती. टिळकांचे स्वराज्य म्हणजे पुनः पेशवाई, ही त्यांच्या गोटातील धास्ती. तर कोल्हापूरची राजनिष्ठा म्हणजे स्वराज्यद्रोह, हा पुण्यातील आक्षेप. तिसरा अर्ज या दोघांहून जुना. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली जेजुरीस महारांची परिषद भरवून लष्करातील आणि पोलिसांतील बंद दरवाजे पुनः उघडावेत म्हणून थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली होती. जेजुरीहून कऱ्हा वाहत बारामतीस येते. बारामतीच्या आसपासच्या महारवाड्यांत ती परिषद दूरची मानण्याचे कारण नाही. शांततेच्या काळी त्या अर्जास उत्तर मिळाले नाही. माणसे संपू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. त्याच साली लंडनमधील शिक्षण अर्ध्यावर टाकून परतणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी निराळ्या जहाजाने पाठविलेली ग्रंथांची पेटी जर्मन पाणबुडीने समुद्रात बुडविली. सुभेदाराच्या या मुलाने पुढे सैन्यातील हक्काचा प्रश्न कोरेगावच्या स्तंभापाशी नेऊन उभा केला.

अर्जच न करणारेही होते. तळेगाव ढमढेरे हे शिरूर तालुक्यातील गाव; तेथील विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत अभियांत्रिकी शिकावयास गेले आणि गदर पक्षात मिळाले. युद्ध सुरू होताच ते परतले, रासबिहारी बोस यांच्या योजनेत सामील झाले, आणि मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत बाराव्या रिसाल्याच्या शिपायांस बंडास उठवीत असता बाँबगोळ्यांसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांस फाशी देण्यात आली. त्या वेळी पुणे डिव्हिजन टेसिफोनच्या वाटेवर होती. एकाच जिल्ह्याच्या नावाची फौज साम्राज्यासाठी मरत होती आणि त्याच जिल्ह्याचा तरुण फौजेने साम्राज्य सोडावे म्हणून मरत होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच पक्षाचे. ते युद्धकाळात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले आणि नंतर मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले. या मंडळींस इतिहासाने वंदन केले, पण त्यांचा युद्धाशी असलेला संबंध मात्र तोडून टाकला. महायुद्धावाचून गदरचा उठाव कल्पनेतही आणता येत नाही.

घरी राहिलेल्यांचे युद्ध बाजारात दिसले. ऑस्ट्रियाहून येणारी बीटची साखर बंद झाली आणि नीरेच्या पाटपाण्यावरील गुळास तेजी चढली. बागाईतदाराचे दोन पैसे झाले, पण कापड, मीठ, रॉकेल यांच्या भावांनी जिराईतदाराची तेवढीच दैना केली. चांदी दुर्मीळ झाल्यामुळे १९१७ च्या नोव्हेंबरात सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि खणखणीत रुपया वाजवून घेण्याची पिढ्यांची सवय असलेल्या रयतेने ती कशा नजरेने पाहिली असेल याची कल्पना करता येते. त्याच साली हिंदुस्थानच्या तिजोरीतून दहा कोटी पौंडांची देणगी युद्धखर्चास दिली गेली. आणि मग १९१८: जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला, पावसाने दगा दिला, आणि पावसाळा सरता सरता ती साथ आगगाडीच्या रुळांवरून देशावर पसरली. लोक तिला मानमोडी म्हणत. महायुद्धात हिंदी सैन्याचे मेलेले लोक सत्तर हजारांवर जातात. मानमोडीने एका मुंबई इलाख्यातच दहा लाखांवर माणसे नेली. या दोन आकड्यांपैकी स्मारके मात्र पहिल्याचीच झाली.

इंदापूर तालुक्यापुरता एक प्रसंग येथे नमूद करतो, कारण तो या विषयाच्या मर्मास भिडतो. ग्वाल्हेरच्या महाराजांनी युद्धारंभी एक जुनी आगबोट विकत घेऊन तिला लॉयल्टी हे नाव दिले व रुग्णनौका म्हणून सरकारच्या सेवेस लावले. युद्ध संपल्यावर ती विक्रीस निघाली, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांसह ती घेऊन सिंदिया कंपनी स्थापिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट हिंदी मालकीची म्हणून मुंबईहून लंडनकडे निघाली. परक्या आगबोट कंपन्यांनी दर पाडून, मग करारात बांधून, सिंदियाचे पंख किती छाटले हा कडू इतिहास आहे; पण नीरेच्या कालव्याच्या आधारे इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंदनगर वसले ते याच मनुष्याच्या हातून. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बंगळूरास विमानांचा आणि विशाखापट्टणास जहाजांचा कारखाना काढला, आणि त्यांतील विमानांचा कारखाना सरकारने १९४२ मध्ये आपल्या ताब्यात घेतला. त्यांच्या राष्ट्रवादास सभा-संमेलनांचे फारसे अगत्य नव्हते; युद्धाने जो माल अडला तो आपण तयार करावा, इतकेच त्याचे सूत्र.

अर्जांचा निकाल काय लागला? १९१९ च्या सुधारणांनी मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. ११७ व्या मराठा पलटणीस रॉयल ही पदवी मिळाली. १११ वी महार पलटण १९२१ साली मोडण्यात आली, आणि महारांस स्वतःच्या रेजिमेंटसाठी १९४१ पर्यंत, म्हणजे आणखी एका महायुद्धापर्यंत, थांबावे लागले. शांतता परिषदेसाठी काँग्रेसने टिळकांस प्रतिनिधी निवडले, तर त्यांस पॅरिसला जाण्याची परवानगी मिळाली नाही. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या त्या माँटेग्यूच्या आणि बिकानेरच्या महाराजांच्या. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने पुण्यात मराठा युद्धस्मारकाची आणि भांबुर्ड्यास शिवस्मारकाची कोनशिला बसविली. असहकारवाद्यांनी त्या दौऱ्यावर बहिष्कार पुकारला होता आणि दोनच दिवसांपूर्वी मुंबईत दंगल उसळली होती. शिवछत्रपतींच्या स्मारकाचा पहिला दगड इंग्रज युवराजाच्या हाताने बसावा आणि राष्ट्रवाद्यांनी त्यास पाठ दाखवावी, इतका गुंतागुंतीचा तो काळ होता. त्यास राजनिष्ठ आणि देशभक्त अशा दोनच रकान्यांत भरणारा इतिहास मी तरी स्वीकारणार नाही.

या ग्रंथातील उणीव कोणती हे वाचकास सांगून ठेवतो. युरोपातील सेनापतींची चरित्रे, मंत्र्यांच्या रोजनिश्या, तहांचे मसुदे यांची त्यात वाण नाही. उणीव आहे ती आपल्या गावांची. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे गावाने आपल्या नावामागे मिलिटरी हे बिरुद जपले. पुण्याच्या पूर्वेकडील तालुक्यांतून गेलेल्यांची आठवण मात्र पेन्शनीच्या जुन्या कागदांत आणि बिल्ल्यांवरील क्रमांकांत विखुरली आहे. ब्राँझचा वा चांदीचा असा बिल्ला, बसऱ्याहून आलेले कार्ड, पलटणीचा डिस्चार्ज, पाटलाच्या सहीचा वारसाचा दाखला, यांपैकी काहीही घरी असेल तर ते मोडीत घालू नका आणि जाळू नका. बिल्ल्याच्या कडेवर शिपायाचे नाव, क्रमांक आणि पलटण कोरलेली असते. तेवढे कागदावर उतरून घ्या, आणि सुपे, मोरगाव, माळेगाव, लासुर्णे, निमगाव केतकी, बावडा, जेथे असाल तेथल्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या दप्तरी नोंदवा.

जळोची, ता. बारामती